बौद्धाच्या घरी शरद येतो तेव्हा



आश्विन लागला आहे. पावसाने काढता पाय घेतला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या रानात कपाशीची बोंडे तडकू लागली आहेत. नाल्यांच्या काठाने काशाचे पांढरे तुरे डोलत आहेत. पहाटे दारात उभे राहिले की अंगावर हलकी शिरशिरी येते आणि दुपारी ऊन पाठ भाजून काढते. चार महिने चिखलात बुडालेली पाऊलवाट आता कोरडी झाली आहे. अकोल्याकडे जा, अमरावतीकडे जा, आभाळ धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसते. याला शरद ऋतू म्हणतात.

याच दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक प्रश्न उभा राहतो. शेजारच्या आळीत घट बसतात. मुली भुलाबाईची गाणी म्हणत या घरून त्या घरी जातात. झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे, हे ओळखण्याचा खेळ रंगतो. आपली सात-आठ वर्षांची पोर उंबऱ्याशी उभी राहून ते ऐकते आणि आत येऊन विचारते, “माय, आपल्या घरी भुलाबाई काहून नाई?” माय कामात असते. बाप सांगतो, “आपुन बौद्ध झालो ना, बेटा.” पोर गप्प बसते.

बापाचे उत्तर खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. त्या पोरीने त्यातून काय घेतले? बौद्ध म्हणजे ज्यांच्या घरी काही नसते ते, एवढेच घेतले. घट नाही, गाणे नाही, खाऊ नाही. अशी दहा वर्षे गेली आणि ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, तर ती आपल्या मुलांना काय देईल? ज्या घरातून देव गेले आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही, त्या घरात देव मागच्या दाराने परत येतात. हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. म्हणून हा प्रश्न लहान मुलीचा असला तरी लहान नाही. आज त्याचाच विचार करू.

आधी थोडे मागे वळून पाहू. शरदातला हा आनंद पूर्वी तरी आपला होता काय?

नवरात्रात अमरावतीला अंबादेवीची यात्रा भरते. आपल्या आजी-पणजीनेही ती यात्रा पाहिली. पण कशी पाहिली? दुरून पाहिली. कळस दिसला, देवी दिसली नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी परमपूज्य बाबासाहेब होते. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे आणि न झाल्यास सत्याग्रह करावा, हा प्रश्न परिषदेपुढे होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी कळली. तरी परिषदेचे काम थांबले नाही. आपल्या माणसांना एका दारातून आत जाता यावे, एवढ्यासाठी तो सारा खटाटोप होता.

पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, नागपूर येथे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली. वऱ्हाडातून माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायी गेली. पांढरी वस्त्रे नेसून गेली.

या तिन्ही तारखा नीट पाहा. तिन्ही शरदातल्या आहेत. एका शरदात आपण दुसऱ्याचे दार ठोठावत होतो. दुसऱ्या शरदात त्या दाराकडे पाठ फिरविण्याचा निश्चय झाला. तिसऱ्या शरदात आपल्याला आपले घर मिळाले. मग ज्या ऋतूने आपल्याला घर दिले, त्याच ऋतूत आपल्या घरात उदासी का असावी?

काही भाबड्या धम्मबांधवांची अशी समजूत झाली आहे की, बौद्ध माणसाने हसू नये, नटू नये, गोडधोड करू नये. केले की ते हिंदूंचे अनुकरण होते. हे साफ चूक आहे. बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा. देवदेवतांची उपासना करणार नाही, अवतार मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, असे त्यांत आहे. चांदणे पाहणार नाही, पोरीबाळींना गाऊ देणार नाही, घरात खीर शिजवणार नाही, असे कुठेही नाही. आपण देव सोडले, ऋतू सोडलेला नाही. सूर्यचंद्र, वारा आणि पीकपाणी कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाही.

उलट, तथागतांच्या धम्मात आनंदाला मोठे स्थान आहे. बोधीची सात अंगे सांगितली आहेत, त्यांत स्मृतीच्या आणि वीर्याच्या पंक्तीला पीती बसली आहे. पीती म्हणजे मनाची प्रफुल्लता. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत मुदिता आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून आपल्याला होणारा आनंद. ज्या मार्गावर आनंद ही एक पायरी आहे, तो मार्ग रडक्या तोंडाने कसा चालता येईल?

आणि तथागतांनी शरद ऋतूही पाहिला होता. ‘इतिवुत्तक’ ग्रंथात त्यांनी मैत्रीला एक उपमा दिली आहे. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, शरदात, आभाळ निरभ्र झाले असता सूर्य वर चढतो आणि सगळा अंधार सारून तळपतो, तशी मैत्रीने मोकळी झालेली मनाची अवस्था तळपते. दुसरी सारी पुण्यकर्मे त्या मैत्रीच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. सोळावा हिस्सा म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात रुपयातला एक आणा. मैत्री हा अख्खा रुपया. बाकीचे सगळे पुण्य त्यातल्या एका आण्याचेही नाही!

तेव्हा उद्या सकाळी अंगणात ऊन उतरेल, तेव्हा लेकरांना जवळ घ्या आणि सांगा, “हे असं ऊन भगवंतांनीही पाह्यलं होतं, आणि माणसाचं मन असं असावं म्हणून सांगितलं होतं.” याला पैसा लागत नाही, भटजी लागत नाही, मुहूर्तही लागत नाही.

पण चांदणे चांगले पडले, ऊन चांगले पडले, म्हणजे माणूस आनंदी होतोच असे नाही. याविषयी राजा अजातशत्रूची कथा ‘सामञ्ञफल सुत्ता’त आली आहे. कार्तिकी पौर्णिमेची रात्र होती. राजगृहाच्या प्रासादावर राजा अमात्यांसह बसला होता. चांदणे पिठासारखे पडले होते. ही रात्र किती रम्य आहे, असे राजा तोंडाने म्हणत होता. तरीही त्याला स्वस्थता नव्हती. कोणा श्रमणाकडे जावे म्हणजे चित्त शांत होईल, असे तो विचारीत होता. कारण त्याने राज्यासाठी आपला बाप बिंबिसार याला मारले होते.

वैद्य जीवकाने त्याला आपल्या आम्रवनात नेले. तेथे भगवंतांसोबत साडेबाराशे भिक्षू होते, पण कोणाचा खोकलाही ऐकू येईना. राजा घाबरला. आपल्याला शत्रूच्या हाती देण्याचा हा डाव तर नाही ना, अशी त्याला शंका आली. नितळ डोहासारखा शांत बसलेला संघ पाहिला, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार कोणाचा आला? स्वतःच्या मुलाचा. माझ्या उदायीभद्राला अशी शांती लाभावी, असे तो म्हणाला. बापाला मारणारा तो बाप लेकासाठी शांती मागत होता. त्याने अपराध कबूल केला आणि भगवंतांनी ती कबुली स्वीकारली. पण तो गेल्यावर ते भिक्षूंना म्हणाले की, याच्या हातून पितृहत्या झाली नसती तर याच आसनावर याला धम्मचक्षू लाभले असते.

बंधूंनो, महाल होता, पौर्णिमा होती, हत्ती-घोडे होते. नव्हते ते फक्त निर्मळ मन. म्हणून शरदाचा आनंद हवा असेल तर आभाळाबरोबर घरही स्वच्छ झाले पाहिजे. आपण भिंती सारवतो, मडकी-भांडी घासतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगावी झाडू फिरवून माणसांच्या डोक्यातली घाणही झाडली. तो झाडू आपण मनालाही लावावा. त्याची रीत भिक्षुसंघाने घालून दिली आहे.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्षू एका जागी वर्षावास करतात. एकदा कोसल देशात काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून एकमेकांशी न बोलताच तीन महिने काढले आणि ते मोठ्या अभिमानाने भगवंतांना सांगितले. भगवंत प्रसन्न झाले नाहीत. ही तर मुक्या जनावरांची राहणी झाली, असे त्यांनी सुनावले आणि पवारणेचा नियम घातला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने संघाला विनवायचे: माझ्यात काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा, मी तो दुरुस्त करीन. श्रावस्तीस पूर्वारामात तर स्वतः तथागतांनी पाचशे भिक्षूंपुढे विचारले की, माझ्या काया-वाचेत तुम्हाला काही निंद्य दिसते काय? जगाच्या शास्त्याने हे विचारले! आपल्या घरातला कोणता पुरुष आपल्या बायकोला असे विचारतो?

आपल्याही घरांत मुके वर्षावास चालतात. नवरा-बायको महिना-महिना बोलत नाहीत. भाऊ भावाच्या धुऱ्यावरून तोंड फिरवतो. म्हणून माझी विनंती आहे की, येत्या आश्विनी पौर्णिमेला घराघरांत पवारणा करा. त्रिशरण-पंचशील घ्या. मग घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने आधी विचारावे, “माझं काही चुकलं असेल तर सांगा.” लहानांनी सांगावे, मोठ्यांनी ऐकावे. मधे बोलू नये, नंतर डूख धरू नये. पोरगी म्हणेल, “बाबा, तुमी पिऊन येता तवा मले भ्या वाटते.” ते वाक्य ऐकण्यासाठी धैर्य लागते. पण त्या रात्री त्या घरात जे हलके वाटेल, ते कोणत्याही यात्रेत मिळणार नाही. मग दूध आटवायचे असेल तर खुशाल आटवा, चांदण्यात बसून प्या. चंद्राला नैवेद्य मात्र नको. चंद्राला भूक लागत नाही, आपल्या लेकरांना लागते.

पवारणेनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदानाचा महिना असतो. त्याची हकीकत आपल्या वऱ्हाडच्या माणसाला लवकर कळेल. पावा येथील तीस भिक्षू भगवंतांच्या दर्शनास निघाले, पण पावसाळा लागल्याने साकेत येथे अडकले. वर्षावास संपताच चिखल तुडवीत, भिजलेल्या चीवरांनिशी ते श्रावस्तीस पोहोचले. त्यांची दशा पाहून भगवंतांनी कठिनाची अनुज्ञा दिली. काळ्या मातीच्या चिखलात ज्याची चप्पल रुतून राहिली आहे, त्याला या कथेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि चीवर कशाचे? विनयात ज्या सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती आहे, त्यांत कापसाचे वस्त्र आहे. चीवराच्या तुकड्यांची मांडणी कशी असावी, हे भगवंतांनी आनंदाला मगधातली बांध घातलेली शेते दाखवून सांगितले, आणि आनंदाने तसे चीवर बेतले. म्हणजे भिक्षू अंगावर जे पांघरतो, ते एक शेतच आहे. माझ्या मायबहिणींनो, तुम्ही कमरेला ओटी बांधून, बोंडाची टोके नखांत रुतत असताना जो कापूस वेचता, त्यापासून निघालेले सूत जगातल्या सर्वांत स्वच्छ माणसांच्या अंगावर जाऊ शकते. एके काळी ज्यांचा स्पर्श विटाळ मानला गेला, त्या हातांनी वेचलेला हा कापूस आहे. हे आठवून वेचा. हात तेच राहतील, पण मन ताठ होईल.

आनंद आणि राजा उदयन यांचा संवादही सांगण्यासारखा आहे. उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा राजाने विचारले, “एवढ्या वस्त्रांचे करणार काय?” आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्षूंना वाटू. जुन्या चीवरांचे? पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची बैठका-बिछायती, त्यांचीही पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. आणि ती फाटली की कुटून चिखलात मिसळू व त्याने जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला. आमच्या म्हाताऱ्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे करीत आल्या, ती गरिबीची लाज नव्हे. तो संघाचा शहाणपणा आहे.

आता कोणी म्हणेल, “महाराज, तुमचं बोलणं चांगलं हाये, पण बोंडं फुटली आन् वरून पाऊस आला, तं कापूस काळा पडते. सोयाबीनले शेंगेतच कोंब फुटतात. भाव पडते. आनंद कशाचा करावं?” हा प्रश्न खरा आहे. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे तुम्हाला सांगायला नको. अशा घरातल्या माउलीला “आनंदी राहा” असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या घरी जाऊन बसावे. तिची कपाशी वेचू लागावे. शरदाच्या सूर्यासारखी म्हणतात ती मैत्री हीच.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने आणि धम्माने मिळविलेले आपल्याजवळ असणे, हे पहिले. ते आपण भोगणे आणि त्यातून सत्कर्म करणे, हे दुसरे. कोणाचे थोडे वा फार देणे नसणे, हे तिसरे. काया-वाचा-मनाने निर्दोष असणे, हे चौथे. आणि पहिली तिन्ही मिळून या चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याची नाहीत. येथेही तोच आण्याचा हिशेब आहे. पाहा, अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी कर्ज नसण्याला सुख म्हटले! म्हणून सणासाठी कर्ज काढू नका. शेजाऱ्याने फटाके उडवले म्हणून सावकाराच्या दारी जाऊ नका. आणि मजुरीची बाई दुसऱ्याच्या रानातले भरघोस पीक पाहून मुदिता करील, ही तिची थोरवी. पण मुदिता म्हणजे मजुरी सोडणे नव्हे. किलोमागे ठरलेला पैसा तिने पुरा मोजून घ्यावा. मनात द्वेष नको, हिशेबात भोळेपणा नको.

तर आपल्या घरचा शरद असा करता येईल. पहाटे दहा मिनिटे दारात लेकरांसह शांत बसा, श्वासावर लक्ष ठेवा आणि मग काय काय पाहिले, काय ऐकले, ते एकमेकांना सांगा. दव दिसले, तुरीला आलेले फूल दिसले, शेपटी हलवीत अंगणात उतरलेले पाखरू दिसले. धम्मचक्र प्रवर्तन दिनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलते करा. आपल्या घराण्यात दीक्षा कोणी, कधी घेतली ते वहीत लिहून ठेवा. पौर्णिमेला पवारणा करा. आळीतल्या मुली जमवा. बुद्ध-भीमाची गाणी म्हणू द्या, आणि खाऊ ओळखण्याचा खेळही खेळू द्या. खाऊला जात नसते. शेजारच्या हिंदू घरातली पोर आली तर तिलाही वाटा द्या. कार्तिकीपर्यंत विहारात एखादे चीवर द्या. ऐपत नसेल तर चार घरे मिळून द्या. भिक्षू जवळ नसतील तर ज्याला थंडीत पांघरूण नाही, त्याला ते द्या.

मग पुढच्या वर्षी ती पोर उंबऱ्याशी उभी राहील आणि शेजारची मैत्रीण तिला विचारील, “तुमच्या घरी काय असते?” तेव्हा ती खाली मान घालणार नाही. ती सांगेल, “आमच्या घरी पुनवेले बाबा सगळ्यायले इचारते, माझं काय चुकलं म्हणून. मंग आमी चांदण्यात दूध पेतो. तू ये.”

ज्या दिवशी ती “तू ये” म्हणेल, त्या दिवशी आपल्या घरात धम्म रुजला असे समजा. आपल्याला दाराबाहेर ठेवणाऱ्यांच्या लेकरांनाही आपले दार उघडे असावे, यापेक्षा मोठी विजयादशमी कोणती?

सर्वांना शरदाच्या मंगल कामना. नमो बुद्धाय! जयभीम!